शब्द रुळतो कसा?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कामशेतच्या पेठेत कृषी सेवा केंद्रांपुढे पाय ठेवायला जागा नसते. नाणे मावळात, आंदर मावळात, पवन मावळात राब भाजून झालेले असतात, आणि जो तो बी-बियाणं, खत, औषध यांच्या गडबडीत असतो. अशाच एका दुकानात मी उभा असताना शेजारच्या वयस्क शेतकऱ्यांनी तणनाशकाची बाटली माझ्यापुढे धरली. "दादा, चष्मा घरी राहिला. कधी मारायचं लिहिलंय, बघा जरा." बाटलीसोबतच्या घडीपत्रकात मराठी मजकूर होता. मी त्यातले पहिले दोनच शब्द वाचले : 'उगवणपूर्व तणनाशक'. "म्हणजे तण दिसायच्या आत मारायचं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी बाटली पिशवीत टाकलीसुद्धा. मग त्यांनी काउंटरवरच्या दुसऱ्या पुड्याकडे बोट केलं. त्यावर 'विद्राव्य खत' असं छापलं होतं. मी ते वाचून दाखवलं, पण या वेळी त्यांना अर्थ लागला नाही. "पाण्यात पूर्ण विरघळणारं," मी सांगितलं. "मग तसं लिहायचं की," ते म्हणाले.

दोन्ही शब्द इंग्रजी संज्ञांसाठी मराठीत घडवलेले आहेत आणि दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत. पहिला शब्द वाचल्याबरोबर कामाला लागला, दुसऱ्याला आधी समजावून द्यावं लागलं. हा फरक का पडतो, नवा शब्द भाषेत येतो कुठून, टिकतो कशामुळे आणि पडतो कशामुळे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहायचं आहे. त्यासाठी मावळाबाहेर फारसं जावं लागत नाही. लेणी, घाटातली रेल्वे, धरणं, द्रुतगती मार्ग, भाताची खाचरं, गुलाबाची पॉलिहाऊस, योगाची प्रयोगशाळा हे सगळं या एका तालुक्यात आहे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने मराठीकडे कधी ना कधी नवा शब्द मागितला आहे.

दगडातली परिभाषा

तांत्रिक शब्द म्हटलं की आपल्याला संगणक आठवतो. पण डोंगर पोखरून चैत्यगृह काढणं हे त्या काळचं प्रगत तंत्रज्ञानच होतं. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख प्राकृतात आहेत, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. या लेखांत कार्ल्याच्या लेण्यांचं जुनं नाव 'वलूरक' असं येतं आणि या मुलखाचं नाव 'मामाल' असं येतं. तोच आपला मावळ.

या लेखांमध्ये कामाचे शब्द आहेत. कोरलेल्या निवासाला 'लेण' म्हटलंय, त्याचंच पुढे लेणं झालं. खांबाला 'थभ' आहे. डोंगरात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला 'पोढि' आहे; भाज्याला एका महारठीने दिलेल्या टाक्यावर हा शब्द कोरलेला आहे. कार्ल्याच्या एका लेखात सामी नावाच्या कारागिराने लेण्याचं दार घडवल्याची नोंद आहे. तिथे त्याचा व्यवसाय 'वढकि', म्हणजे सुतार, असा दिला आहे आणि दाराला 'घराचं मुख' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. दगडातल्या कामाला सुताराची भाषा लागली, कारण हे कारागीर आधी लाकडात काम करत होते. कार्ल्याच्या छतात बसवलेल्या लाकडी कमानी आजही तेच सांगतात.

इथे पहिला नियम हाती येतो. नवं तंत्र आलं की माणसं शेजारच्या जुन्या कामाचे शब्द उचलतात आणि पुढे सरकवतात. घराला मुख असतं, मग लेण्यालाही मुख. शब्द ओळखीचा असतो, त्याची जागा तेवढी नवी असते.

पहिली वाट : जुन्या शब्दाला नवं काम

लोणावळ्याच्या आसपास टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी बांधली. त्यांचं पाणी घाटाच्या कड्यावरून खाली खोपोलीला सोडून तिथल्या केंद्रात १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. घाटमाथ्यावरच्या माणसाला तोपर्यंत वीज ठाऊक होती ती आभाळात कडाडणारी. तिच्यापासून तो गुरं लपवायचा. तीच आता तारेतून वाहू लागली, आणि मराठीने तिला नवं नाव शोधलं नाही. आभाळातली वीज आणि तारेतली वीज एकच, ही भौतिकशास्त्रातली गोष्ट आहे. आपल्या भाषेने ती एका शब्दात मान्य करून टाकली.

ही वाट जगात अनेक भाषांनी धरली आहे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'हिको' म्हणजे आकाशात चमकणारी वीज. तोच शब्द विद्युतशक्तीला लागला, आणि पुढे मेंदूसाठीच्या 'रोरो' या शब्दाला जोडून संगणकाला 'रोरोहिको' हे नाव मिळालं. आइसलँडच्या भाषेत धाग्यासाठी असलेला 'सीमी' हा विस्मरणात गेलेला शब्द टेलिफोनसाठी पुन्हा उठवला गेला आणि तो आज घरोघरी आहे.

मराठीत याच वाटेने खातं बँकेत गेलं, पडदा चित्रपटगृहात गेला आणि वाहिनी दूरचित्रवाणीवर गेली. या शब्दांचा फायदा मोठा असतो. उच्चार जिभेवर बसलेला असतो, लिंग ठरलेलं असतं, सामान्यरूप ठरलेलं असतं. शिकवायचा असतो फक्त नवा अर्थ.

दुसरी वाट : घरच्या शब्दांची जोडणी

शेतीच्या मराठीत गेल्या काही दशकांत जे घडलं, त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. 'ठिबक सिंचन' हा शब्द घ्या. थेंब थेंब पाणी ठिबकतं, हे क्रियापद प्रत्येक घरात आहे. पावसाळ्यात मावळातली कौलं ठिबकतातच. त्या क्रियापदातून जगातल्या एका आधुनिक सिंचनतंत्राचं नाव तयार झालं. 'तुषार सिंचन' त्याच्याच शेजारी उभं राहिलं. रोपांसाठी जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्याला 'गादीवाफा' म्हटलं गेलं. गादी ठाऊक आहे, वाफा ठाऊक आहे, चित्र आपोआप डोळ्यांपुढे येतं.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली 'चारसूत्री भात लागवड' कोकणात आणि मावळात शेतकऱ्यांपर्यंत पोचली. तिच्या नावातच ती शिकवण्याची सोय आहे : बोटांवर मोजायची चार सूत्रं. पहिलं, भाताच्या तुसाची राख आणि पेंढा शेतातच वापरायचा. दुसरं, गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा. तिसरं, लावणी दोरीवर, ठरलेल्या अंतराने करायची. चौथं, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट हाताने खोलवर खोचायची.

या चार वाक्यांतले शब्द तपासा. तूस, राख, पेंढा, खाचर, चूड हे मावळातले रोजचे शब्द आहेत. चूड म्हणजे लावणीत एका ठिकाणी एकत्र रोवलेली रोपं. इंग्रजी पुस्तकातल्या संज्ञेसाठी नवा शब्द घडवायची गरजच पडली नाही, कारण तो शब्द शेतात आधीपासून होता. 'गिरिपुष्प' मात्र नवा आहे. ग्लिरिसिडिया हे परदेशी झाडाचं नाव जिभेला अवघड, म्हणून त्याच्या ध्वनीशी जुळणारा आणि ऐकताच मराठी वाटणारा शब्द घडवला. आणि 'ब्रिकेट' आहे तशी ठेवली, कारण ती दुकानात त्याच नावाने मिळते. एकाच तंत्रात जुना शब्द, घडवलेला शब्द आणि उसना शब्द हे तिघे शेजारी बसले आहेत, आणि कुणाला त्याची अडचण झालेली नाही.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून एक वाण बाहेर आला. त्याला नाव मिळालं इंद्रायणी. नुसता संकेतांक लावून तो वाण सोडला असता तर शेतकऱ्यांनी तोही पेरला असता, पण किराणा दुकानात आज गिऱ्हाईक 'इंद्रायणी द्या' असं म्हणतं, त्यात त्या नावाचाही वाटा आहे. नाव देणं हे तंत्र लोकांपर्यंत नेण्याच्या कामातलंच एक काम आहे.

तिसरी वाट : संस्कृतातून घडण

सह्याद्रीतल्या स्वराज्याने भाषेचं आधुनिकीकरण राज्यकारभाराचा भाग म्हणून हाती घेतलं होतं. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि दरबारातल्या फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावंही बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, सरनौबताचा सेनापती झाला आणि डबीराचा सुमंत झाला.

साडेतीनशे वर्षांनी हिशेब मांडला तर काय दिसतं? मंत्री, सचिव आणि सेनापती आजही जिवंत आहेत. अमात्य आणि सुमंत इतिहासाच्या पुस्तकात राहिले. त्याच वेळी किल्ला, तालुका, जिल्हा, हवालदार, बाजार, दस्त हे फारसी-अरबी शब्द जिथल्या तिथे आहेत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे आपले किल्लेच आहेत. जे पद पुढच्या राज्ययंत्रणेतही राहिलं त्याच्याबरोबर त्याचं नाव राहिलं, आणि जे लोकांच्या रोजच्या व्यवहारात मुरलं होतं त्याला हलवता आलं नाही.

विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने हीच वाट पुन्हा धरली. दिनांक, क्रमांक आणि महापौर हे शब्द आज आपण विचार न करता वापरतो, इतके ते आपले झाले. 'नभोवाणी' मात्र मागे पडली. संस्कृत धातूंचा मोठा गुण हा की त्यांना उपसर्ग-प्रत्यय लावून शब्दांचं कुटुंब वाढवता येतं. धोका हा की कुटुंब कागदावरच वाढतं. 'विद्राव्य' हा शब्द याच वाटेने आला. 'द्रावण' रुळलं, कारण भाताच्या बियाण्याला तीन टक्के मिठाच्या द्रावणाची बीजप्रक्रिया करा, हे कृषी सहायकांनी गावोगाव बादलीत मीठ कालवून दाखवलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं, तळाचं भरीव बी धुऊन वापरायचं. शब्द आणि कृती एकत्र आली. 'विद्राव्य'च्या वाट्याला अशी बादली आली नाही.

चौथी वाट : उसना शब्द घरचा करणं

बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि खंडाळा-लोणावळ्याला नवे शब्द आले. स्टेशन, तिकीट, इंजिन यांच्यासोबत प्लॅटफॉर्मही आला. आपल्या लोकांनी त्याचा 'फलाट' केला. सुरुवातीचं जोडाक्षर मोकळं झालं, लांब शब्द तीन अक्षरांवर आला आणि तो मराठी झाला.

उसना शब्द पूर्णपणे मराठी झाला की नाही, हे तपासायची एक सोपी परीक्षा आहे : त्याचं सामान्यरूप होतं का ते पाहा. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचं रूप बदलतं. घर, पण घरावर. दगड, पण दगडाला. आता फलाट घ्या : फलाटावर. तिकीट घ्या : तिकिटाचे. यात 'की'चा ऱ्हस्व 'कि'सुद्धा झाला, मराठीच्या नियमाप्रमाणे. बटाटा : बटाट्याची. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला हे भाजी करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. पगार, चावी आणि घमेलंही तिकडचेच. दुसरीकडे मोबाइल घ्या : आपण 'मोबाइलवर' म्हणतो, 'मोबाइलावर' म्हणत नाही. म्हणजे तो अजून ओसरीवर आहे, माजघरात आलेला नाही.

दुसरी परीक्षा अनेकवचनाची. बाटली : बाटल्या. मोटार : मोटारी. फाइल : फायली. पण बस : बसेस. इथे इंग्रजी प्रत्यय तसाच चिकटून आला आहे. शब्द उसना घ्यायला हरकत नाही, सगळ्या जिवंत भाषा तेच करतात. त्याच्याबरोबर दुसऱ्या भाषेचं व्याकरण घरात येऊ लागलं की मात्र जपावं लागतं. मी स्वतः लिहिताना बसगाड्या लिहितो.

परिभाषेची शिस्त

बोलीत एका वस्तूला चार नावं चालतात. तंत्रात चालत नाहीत. तिथे एक संज्ञा, एक अर्थ ही शिस्त लागते. खंडाळ्याच्या घाटात खोपोली ते कुसगाव या नव्या मार्गाच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्यात दरीवरून जाणारा एक केबल-स्टेड पूल आहे. त्याला 'झुलता पूल' म्हणण्याचा मोह होतो. पण झुलता पूल वेगळा. त्यात दोन मनोऱ्यांवरून एक जाड दोर झोळीसारखा सोडलेला असतो आणि रस्ता त्या दोराला उभ्या तारांनी टांगलेला असतो. केबल-स्टेड पुलात मनोऱ्यापासून निघालेल्या सरळ ताठ तारा थेट रस्त्यालाच धरून ठेवतात. भार वाहून नेण्याची रीत दोन्हींत वेगळी आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा घोटाळा होणार.

ही शिस्त लावण्याचं काम संस्था करतात. महाराष्ट्र राज्य झाल्याबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं आणि त्याने शासनव्यवहाराचे आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले. केंद्र सरकारचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये आला. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत लिहितं-बोलतं ठेवते आहे, आणि वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला.

या सगळ्या कामामागे काही साधी तत्त्वं आहेत. मोजमापाची एककं, मूलद्रव्यांची चिन्हं, रासायनिक सूत्रं आणि वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावं बदलायची नाहीत. ती जगाची सामायिक आहेत. संकल्पनांना मात्र आपल्या भाषेतला शब्द द्यायचा, आणि तो असा की त्याची पुढची पिल्लावळ होऊ शकेल.

हे 'वीज' आणि 'विद्युत' यांच्यावर तपासू. दोन्ही मुळात एकच. संस्कृत विद्युत् प्राकृतातून घासत आला तेव्हा त्याचा 'विज्जु' झाला आणि मराठीत वीज झाली. तोच शब्द पुन्हा संस्कृतातून सरळ घेतला तेव्हा विद्युत राहिला. आज दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. वीजबिल, वीजचोरी, वीजजोडणी, वीजटंचाई हे व्यवहारातले शब्द. विद्युतदाब, विद्युतधारा, विद्युतरोध, विद्युतचुंबक हे वर्गातले शब्द. आणि घरात तिसराच : मावळात पहिला वादळी पाऊस झाला की घराघरांतून 'लाइट गेली' हीच हाक येते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र 'वीज गेली' छापतं आणि खात्याच्या पत्रात 'विद्युतपुरवठा खंडित' झालेला असतो. यातला एकही शब्द चुकीचा नाही. समृद्ध भाषेत असे थर असतातच. अडचण तेव्हा होते, जेव्हा वरच्या थरातला शब्द खालच्या थरातल्या माणसाच्या हातात समजावून न देता ठेवला जातो. दुकानातल्या खताच्या पुड्यावर तेच झालं होतं.

अक्षरांचं यंत्र

शब्द घडला, तरी तो यंत्रात नीट उमटला पाहिजे. मावळाचं वर्णन करताना 'दऱ्या' हा शब्द टाळता येत नाही. तो 'दर्या' असा उमटला तर सह्याद्रीत समुद्र येतो. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांतही तोच फरक : एक स्वयंपाक करणारा, दुसरा शिकवणारा. हा आडवा अर्धा र मराठीची खास गरज आहे. टंकलेखन यंत्रावर आणि संगणकाच्या सुरुवातीच्या काळात अशा गरजांची कायम ओढाताण व्हायची. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात मोठं काम केलं, आणि पुढे युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. त्यात नेहमीच्या 'र'ला एक क्रमांक आहे आणि 'ऱ' या अक्षराला वेगळा. हा दुसरा 'ऱ' वापरला की 'दऱ्या' दऱ्या राहतात.

'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी 'ॲप' हा शब्द लोक दोन-तीन तऱ्हांनी टंकत. डोळ्याला ते सारखेच दिसत, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटत, आणि शोध घेतला की अर्धी पानं सापडतच नसत. आजही जुन्या सवयीने टंकलेली अशी पानं पुष्कळ आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी लिपी आणि वर्णमालेच्या अद्ययावतीकरणाचे आदेश काढले. ही कामं रुक्ष वाटतात, पण शोधता न येणारा शब्द संगणकाच्या जगात नसल्यातच जमा असतो.

काम जिथे, शब्द तिथे

आता मुख्य गोष्ट. चारही वाटांनी चांगले शब्द येतात, संस्था त्यांना शिस्त लावतात, यंत्र त्यांना उमटवतं. तरीही काही टिकतात आणि काही पडतात. निर्णय कुठे होतो? माझ्या मते जिथे काम होतं तिथे.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं. योगाच्या क्रिया करताना शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासलं आणि त्याच वर्षापासून 'योगमीमांसा' या इंग्रजी नियतकालिकात निष्कर्ष छापायला सुरुवात केली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब उतरून अंशतः पोकळी तयार होते. तिला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने माधवदास पोकळी असं नाव दिलं. लिहिण्याची भाषा इंग्रजी होती, तरी आसन, प्राणायाम, उड्डियान, नौली हे शब्द कुणी भाषांतरित केले नाहीत. जगभरचे अभ्यासक ते तसेच वापरतात. प्रयोग इथे झाला, म्हणून शब्द इथला राहिला. याच परिच्छेदातला 'क्ष-किरण'ही पाहण्यासारखा आहे. बीजगणितातल्या अज्ञात राशीला मराठीत 'क्ष' म्हणायची रीत होती, म्हणून अज्ञात किरणांना क्ष-किरण हे नाव मिळालं. गणित मराठीत शिकवलं जात होतं, म्हणून भौतिकशास्त्राला तो शब्द आयता सापडला.

हीच दृष्टी विष्णु गोविंद विजापूरकरांची होती. परकी भाषेत शिकवण्याने ज्ञान मूठभरांकडे राहतं, हे ओळखून त्यांनी 'ग्रंथमाला' मासिकातून मराठीत ज्ञान आणण्याचा उद्योग केला. १९०६ मध्ये त्यांनी काढलेलं समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाड्याला आलं. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. माणशी एक पैसा गोळा करून उभा केलेला. मराठीतून शिक्षण आणि मराठी माणसाचा उद्योग एका गावात शेजारी उभे होते. सरकारने १९१० मध्ये विद्यालय बंद पाडलं. शाळा आणि कारखाना हातात हात घालून पुढे पन्नास वर्षं चालले असते, तर काचेच्या भट्टीची आपली मराठी परिभाषा आज किती समृद्ध असती!

याच्या उलट उदाहरण घाटातच आहे. खोपोली-कुसगावच्या त्या नव्या मार्गाला मराठी वर्तमानपत्रंही 'मिसिंग लिंक' म्हणतात. आराखडे, निविदा, बैठका, यंत्रसामग्री सगळं इंग्रजीत. शब्द त्या कागदांबरोबरच गावात आला. कुसगावच्या लोकांना दोष देता येणार नाही. 'द्रुतगती मार्ग' हा चांगला शब्द फलकांवर आहे, पण बोलण्यात 'एक्सप्रेस वे'च येतो, कारण टोलनाक्यापासून बातम्यांपर्यंत तो शब्द आधी पोचला होता. गुलाबाच्या शेतीतही तेच झालं. कोशात 'हरितगृह' आहे, पवनानगरचा शेतकरी 'पॉलिहाऊस' म्हणतो, कारण कर्जाच्या अर्जापासून प्लॅस्टिकच्या बिलापर्यंत सगळीकडे तेच लिहिलेलं असतं.

लोक स्वतः नाव देतात तेव्हा ते डोळ्यांपुढचं पाहून देतात. खंडाळ्याच्या घाटात १८३० च्या सुमाराचा एक पूल होता. त्याच्यावर मलमाची जाहिरात रंगवलेली होती, म्हणून तो 'अमृतांजन पूल' झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडला, पण जागेचं नाव अजून तेच आहे. अधिकृत नाव वेळेवर आणि समजेल असं दिलं नाही, तर लोक थांबत नाहीत.

जे शब्द अजून लिहिलेलेच नाहीत

मावळात कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, आणि त्यांच्या घरात स्वतःची वेगळी बोली आहे. कंद, खेकडे, मासे, मध, औषधी पाला यांचं ज्ञान त्या बोलीत साठलेलं आहे. मुलं मराठी शाळेत जातात आणि घरच्या शब्दांना पुस्तकात जागा नसल्यामुळे ते मागे पडत जातात. आधुनिकीकरणाचे जे नियम आपण पाहिले, ते या बोलीलाही तंतोतंत लागू आहेत, फक्त तिची पायरी एक अलीकडची आहे : आधी शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून, त्याच्या संमतीने, त्याच्या नावावर उतरवून घेणं. मराठीने इंग्रजीकडून जी वागणूक मागायची, तीच तिने आपल्या घरातल्या धाकट्या बोलींना दिली पाहिजे.

आपल्या हातातलं काम

वरच्या सगळ्या उदाहरणांतून एक ताळा निघतो. नवा शब्द सुचवताना पाच प्रश्न विचारावेत. त्या कामासाठी शेतात, गॅरेजात, स्वयंपाकघरात आधीच एखादा शब्द आहे का? शब्द ऐकताच चित्र दिसतं का? त्याला मराठी प्रत्यय आणि सामान्यरूप सहज लागतं का? त्याच्यापासून पुढचे शब्द तयार होतील का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तो शब्द काम शिकवताना कोण वापरणार आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर कोशकार देऊ शकत नाहीत. ते आपण द्यायचं आहे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांनी, घडीपत्रक लिहिणाऱ्या कंपनीच्या माणसांनी, कृषी सहायकांनी, कर्जाचा अर्ज छापणाऱ्या बँकेने, इंजिनाचं झाकण उघडून पोराला समजावणाऱ्या मिस्त्रींनी. तुम्ही ज्या कामात आहात, त्या कामाचे दहा शब्द या महिन्यात मराठीत लिहून काढा आणि हाताखालच्या माणसाला त्या शब्दांत काम शिकवा. त्याला ते न अडखळता वापरता आले, तर ते शब्द टिकतील.